विरजणाला कुलूप

या मित्रांनो, बसा इथं. तो फोन जरा पालथा घाला. तुम्हाला एक गोष्ट सांगतो, माझीच आहे, खरी आहे. पण आधीच सांगून ठेवतो, रागात सांगणार आहे. गोडधोड ऐकायचं असेल तर श्रीखंडाकडे जा, ते आमच्याच घरातलं आहे पण फार गोड बोलतं.

मी एक जुना जंतू आहे. आता लगेच हात धुवायला पळू नका! मी विरजणातला जंतू. संध्याकाळी दूध असतं आणि सकाळी त्याचं दही झालेलं असतं, ते काय आपोआप होतं? मी करतो. शाळाबिळा शिकलो नाही, पातेल्यात वाढलो. इतका बारीक की सुईच्या टोकावर माझं अख्खं गाव बसेल. आणि मी काही एकटा नाही बरं का. माझे दोन होतात, दोनाचे चार. त्यात बाप कोण आणि लेक कोण, आम्हालाच सांगता येत नाही. म्हणून या पातेल्यातला मी आणि त्या पातेल्यातला मी, सगळा मीच. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं गोंधळ होणार नाही.

माझं मूळ आर्वीचं, वर्ध्याकडचं. गवळाऊ गाईच्या दुधावर वाढलेला आहे मी. शैलामावशी लग्न होऊन अमेरिकेला निघाली तेव्हा तिच्या आईनं धुतलेला सुती कपडा दह्यात बुडवला, सावलीत वाळवला आणि घडी करून साड्यांच्या मध्ये ठेवला. विमानतळावर साहेबानं लोणच्याची बरणी काढून घेतली. माझ्या घडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ओके. मी झोपलेलो होतो, नाहीतर रामराम केला असता.

डोळे उघडले ते मिशिगनमध्ये, ट्रॉय गावात. बाहेर हे एवढं बर्फ. आत मावशीनं कोमट दुधात कपडा बुडवला होता आणि पातेलं ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावला होता. त्या दिव्याच्या उबेवर जगलो मी. पहिलं दही लागलं तेव्हा मावशी चमचा तोंडात धरून ओट्याशी उभी राहिली आणि रडली. आईच्या हातची चव होती ना ती.

मावशीचे नियम पक्के. पातेल्याला कुणाचाही हात लागायच्या आधी एक चमचा विरजण बाजूला काढायचं. कुणी मागायला आलं तर नाही म्हणायचं नाही. दिवे लागल्यावर मात्र द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही, मग समोर साक्षात देव वाटी घेऊन उभा असला तरी. आणि वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. या नियमांवर मी त्या गावात घरोघर पसरलो. पुण्याच्या घरात गेलो, मुंबईच्या गेलो, एका तेलुगू बाईनं नेलं, तिनं मला मोहरीची फोडणी दिली. चालायचंच.

आता शरयू. मावशीच्या बहिणीची मुलगी, पुण्याहून शिकायला आली आणि ट्रॉयजवळच्या एका लहानशा औषधकंपनीत लागली. मनानं सोन्यासारखी, पण साहेबानं काही सांगितलं की मान डोलावायची खोड. रविवारी मावशीकडे जेवायला यायची. एकदा भातावर माझं दही घेत म्हणाली, "मावशी, वैतागले मी. निम्मा माल फेकून द्यावा लागतो."

"काहून? खराब होतो?"

"खराब नाही गं. डावा होतो."

आणि मग तिनं जे सांगितलं ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. तुमच्या चपला बघा. डावी आणि उजवी. दोन्ही सारख्याच, पण डावी उजव्या पायात घालून बघा, चालता येतंय का! काही औषधांचं असंच असतं. त्यांचा कण डावा असतो किंवा उजवा असतो. माणसाच्या अंगात एकच बसतो. शरयूची कंपनी डोळ्यांच्या औषधाचा असाच एक तुकडा बनवायची. त्याला ते कायरल अल्कोहोल म्हणतात. त्यासाठी महागडा धातू, स्फोट होईल असा गॅस, डोकं उठवणारी रसायनं, आणि एवढं करून निघतो काय, तर अर्धा डावा, अर्धा उजवा. डावा फेका, धातूचं घाण पाणी निस्तरा.

"मी वाचलंय, दह्यातल्या काही जंतूंना हे नीट जमतं," शरयू म्हणाली. "तुझं विरजण नेऊ का थोडं?"

मावशीनं डाव खाली ठेवला. "अल्कोहोल म्हणालीस ना? माझ्या आईच्या विरजणाची दारू करणार?"

"अगं दारू नाही! औषध!"

"सगळे बेवडे हेच म्हणतात," मावशी म्हणाली आणि डबी भरून दिली. मागितल्यावर नाही म्हणायचं नाही ना.

असा मी प्रयोगशाळेत गेलो. दह्यात आम्ही चार जातीचे भाऊबंद एकत्र नांदतो, शरयूनं त्यातून मला एकट्याला निवडून काढलं. मग ज्याचं औषध करायचं तो कच्चा पदार्थ समोर ठेवला. वास कसा, तर संत्र्याच्या बागेला बहर आल्यासारखा. मी म्हटलं, वा, विदर्भ भेटला! आणि अंगाला लागला तर असा भाजला की विचारू नका. पण खरं सांगू का, हे काम माझ्या पोटातलंच. माझ्या आत एक साचा आहे, उजव्या पायाच्या चपलेसारखा. त्यात त्या पदार्थाचा सपाट कण, जो अजून डावाही नसतो आणि उजवाही नसतो, एकाच बाजूनं बसतो, मी त्याला एक टिचकी देतो, आणि बाहेर पडतो तो उजवाच. मला लागतं काय? कोमट पाणी आणि साखर. धातू नको, गॅस नको, काही नको.

शरयूनं यंत्रात घालून बघितलं. त्या यंत्राच्या पडद्यावर डाव्याचा एक डोंगर उठतो आणि उजव्याचा एक. त्या दिवशी एकच डोंगर उठला. पोरगी पांढऱ्या कोटातच नाचली. मावशीला फोन लावला, "मावशी, आजीचं विरजण पास झालं!"

मग काय, माझं कौतुकच कौतुक. मोठ्या स्टीलच्या टाकीत ठेवलं, साखर घातली, ऊब दिली. परदेशी पाहुणे काचेतून बघायला यायचे. नाव दिलं, ग्रीन बायोकॅटॅलिस्ट, म्हणजे घाण न करता काम उरकणारा हिरवा जंतू. भिंतीवर माझं पोस्टर लावलं आणि त्याच्यावर चित्र कशाचं? झाडाच्या पानाचं! अरे, माझा आणि पानाचा काय संबंध? मी पांढरा, दह्यातला. एक वाटी दही काढलं असतं तर हात झिजला असता का?

आणि कौतुक संपल्यावर काय, ते पोस्टरवर नाही लिहीत कुणी. काम झालं की सगळ्यांना गोळा करून प्रेशर कुकरमध्ये. हो, भला मोठा प्रेशर कुकर असतो त्यांच्याकडे, नाव वेगळं आहे एवढंच. शिट्टीसुद्धा होत नाही. कोट्यवधी मी, राबराब राबलेलो मी, जिवंत शिजवून नाल्यात. मला मरणाचं भय नाही हो, कढीत मी रोजच मरतो. पण कढी करणारी बाई निदान म्हणते, आज आंबट छान झालीय! इथं कुणी हूं नाही की चूं नाही.

तरी मी गप्प होतो. का? कारण मावशीच्या फ्रिजमध्ये मी होतो. पुण्या-मुंबईच्या घरांत होतो, त्या तेलुगू बाईच्या घरात होतो. कुकरमध्ये गेलो तरी मी उरत होतो.

मग विक्रम आला. म्हणजे होताच, शरयूचा साहेब. मिशिगनमध्येच जन्मलेला, आईवडील ठाण्याचे. माणूस हसतमुख, मराठी समजायचं, बोलताना अडखळायचा. त्यानं एकदा शरयूला केबिनमध्ये बोलावलं.

"शरयू, लिसन. हा बग, आय मीन जंतू, आता कंपनीचा आहे. लीगल म्हणतं, बाहेर कुणाकडे असायला नको."

"पण विक्रम, ते दही आहे."

"आय नो. पण बाहेरचं दही बंद कर. मावशी, तिच्या फ्रेंड्स, एव्हरीबडी. प्लीज."

आणि शरयूनं काय केलं माहीत आहे? मान डोलावली! त्याच रविवारी मावशीच्या सोफ्यावर बसून एकेकीला फोन लावले. "काकू, ते विरजण टाकून द्याल का? कंपनीचं झालंय." समोरच्या बायांना आधी चेष्टा वाटली, मग अपमान वाटला. पण शेवटी सगळ्याजणी टाकते म्हणाल्या. तेलुगू बाईनं तर शरयूला ऐकवलं, तुझी कंपनी आमचं सांबार पण घेऊन जाणार का म्हणून.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"शरयू, माझ्या आईनं हे कुणाला नाही म्हटलं नाही. दारात शत्रू आला तरी विरजण दिलं. आणि तू याला कुलूप लावतेस?"

"मावशी, माझी नोकरी आहे गं. नियम आहे तो."

"माझाही नियम होता. तो नाही दिसला तुला?"

"फक्त टाकून दे. माझ्यासाठी."

मावशीनं फ्रिज उघडला. पातेलं काढलं. विरजणाची वाटीही काढली. आणि सिंकमध्ये ओतलं सगळं, शरयूच्या डोळ्यांसमोर. वरून नळ सोडला. "घे. झालं तुझ्या मनासारखं. उद्यापासून मी दुकानातलं खाईन." त्यानंतर शरयू रविवारी यायची बंद झाली. म्हणजे मावशीनं ये म्हटलं नाही.

मित्रांनो, मी सिंकमधून वाहून जात होतो आणि माझा असा संताप झाला की दूध असतं तर तिथंच नासवलं असतं. मावशीचा नाही राग आला. शरयूचा आला. जिला मी घास घास भरवला, तिनंच मला घराबाहेर काढलं.

आता सगळ्यांच्या लेखी मी फक्त कंपनीत उरलो. तेही एकाच फ्रीजरमध्ये, काचेच्या चिमुकल्या कुप्यांत, गोठून. थँक्सगिव्हिंगच्या सणाची चार दिवसांची सुट्टी आली. टाकीतला शेवटचा मी नेहमीप्रमाणे कुकरमध्ये गेलो. एक चमचा बाजूला काढावा असं कुणाच्याही मनात आलं नाही. फ्रीजर आहे ना! गारठा कमी झाला की सांगणारी त्या फ्रीजरची घंटा सारखी टुकटुकायची, विक्रमच्या मीटिंगमध्ये त्रास व्हायचा, म्हणून त्यानं तिचा आवाज बंद करून ठेवला होता. सगळे टर्की खायला गेले आणि फ्रीजर बंद पडला.

मी वितळलो. उपाशी, अर्धमेला, पण होतो! सोमवारी शरयू पोचायच्या आधी विक्रमनं फ्रीजर उघडून बघितला. सगळं पाणी झालेलं. त्यांचा नियम असा की वितळलेला माल वापरायचा नाही. त्यानं सगळ्या कुप्या कुकरमध्ये टाकायला लावल्या. मी ओरडत होतो, अरे जिवंत आहे मी, एक थेंब दुधात टाकून तर बघ! पण ऐकणार कोण? शरयू पोचली तेव्हा कुकर गार होत होता.

"सगळ्या?" ती म्हणाली.

"प्रोटोकॉल आहे, शरयू. पण डोन्ट वरी, मावशीकडे असेल ना?"

शरयू म्हणाली, "तूच टाकायला लावलंस, विक्रम. आणि मी टाकायला लावलं."

विक्रम खुर्चीत बसला. मग म्हणाला, महिनाभरात बग मिळाला नाही तर परत जुन्या पद्धतीवर जाऊ. म्हणजे तो धातू, तो गॅस, ते घाण पाणी. आणि माझं काय? कंपनीच्या हिशेबी माझा वंश खलास. आर्वीच्या पातेल्यापासून चालत आलेला, आणि एका बंद केलेल्या घंटेपायी संपला. शरयू तिथून उठली ती थेट मावशीच्या दारात.

हातात रिकामी वाटी होती. मावशीनं दार उघडलं, वाटीकडे बघितलं.

"विरजण मागायला आलीस?"

शरयूनं वाटी पुढे केली. नुसती मान हलवली.

"सिंकमध्ये वाक आणि घे."

"मावशी, आजीचं विरजण मी मारलं गं," असं म्हणून ती तिथंच पायरीवर बसली, थंडीत, कोट न घालता. मावशी तोंडानं कितीही फटकळ असली तरी आतून साय आहे. तिनं शरयूला आत ओढलं, चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत रागानं कपाटं आपटत राहिली. मग एकदम थांबली.

"निधीला फोन केला होतास का तू?"

निधी म्हणजे समोरच्या अपार्टमेंटमधली नागपूरची मुलगी. नवरा-बायको दोघं कॉम्प्युटरवाले, वर्षभरापूर्वी व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला गेले, तिकडच्या डेटा सेंटरच्या नोकरीवर. जाताना मावशीकडून डबी भरून नेली होती.

"तिला पण केला होता," शरयू म्हणाली. "ती म्हणाली, हो ताई, टाकते."

"लाव."

स्पीकरवर फोन लागला. "निधी, मी शैलामावशी. खरं सांग, रागावणार नाही. विरजण टाकलंस?"

पलीकडे निधीनं आवाज बारीक केला. "मावशी... शरयूताई आहे का तिथं?"

"आहे."

"मग टाकलं."

"आणि ती नसती तर?"

"तर रोज लागतंय, एकदम घट्ट! आता कुणी हो विरजण टाकतं का! माझी आई फोनवरून मारेल मला. ताई, सॉरी हं."

शरयू रडता रडता हसायला लागली. हसू नकोस, म्हटलं मी तिकडे अ‍ॅशबर्नच्या पातेल्यातून. हसण्यासारखं काय आहे! एका पोरीच्या खोटेपणावर माझा जीव टांगला होता!

दुसऱ्या दिवशी दोघी गाडीनं निघाल्या. कुरियरनं मागवू म्हणाली शरयू, तर मावशी म्हणाली, माझ्या आईला कुरियरनं आणतेस? शरयूनं गाडी काढली. ओहायोत बर्फ लागलं, पेनसिल्व्हानियाच्या डोंगरात गाड्यांची रांग लागली, आणि अ‍ॅशबर्नला पोचेपर्यंत अंधारून आलं. निधीनं दार उघडलं, पाया पडली आणि धावत जाऊन डबी घेऊन आली.

मावशीनं हात मागे घेतला. "दिवे लागले गं."

"मावशी!" शरयू ओरडली. "इतक्या लांब आलोय! उद्या लॅबमध्ये जायचंय मला!"

"एक नियम तुझ्या साहेबाचा पाळलास. एक माझा पाळ."

शरयू बूट काढून आत बसली. निधीनं खिचडी टाकली. मी फ्रिजमध्ये परत गेलो. आणि मित्रांनो, तुम्हाला सांगतो, कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझा राग थोडा उतरला. घाई सगळ्यांना होती, पण माझा मान राखायला कुणीतरी थांबलं.

उजाडल्यावर मावशीनं पर्समधून आर्वीची स्टीलची वाटी काढली. त्यात साखर होती. निधीनं साखर काढून घेतली आणि वाटीत मला घातलं. एकच चमचा. बाकीचा मी तिच्या पातेल्यात राहिलो. परतीच्या वाटेवर मावशीनं वाटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

तरी संपलं नव्हतं. व्हर्जिनियातलं दूध वेगळं, निधीचं पातेलं वेगळं. तिनं मध्ये एकदा दुकानातलं दहीही मिसळलं होतं म्हणे. त्या गर्दीत मी आहे की नाही, कुणाला ठाऊक? मला ठाऊक होतं. पण मला विचारतं कोण! शरयूनं विरजण बशीवर पसरलं, ठिपके उगवले, एकेक ठिपका उचलून त्याला तो संत्र्याच्या वासाचा पदार्थ दिला. पहिला ठिपका म्हणजे दुकानातला पाहुणा, त्याला काही जमेना. दुसरा तसाच. तिसऱ्यानं दोन डोंगर उठवले, डावा आणि उजवा, गाढव कुठला. विक्रम मागे येरझाऱ्या घालत होता.

मग माझी पाळी आली. पदार्थ अंगाला लागला, भाजला, आणि मी म्हटलं, ये. पडद्यावर रेघ सरकत राहिली. डाव्याची जागा आली, गेली, सपाट. उजव्याची जागा आली.

एकच डोंगर.

शरयू या वेळी नाचली नाही. खुर्चीत बसली आणि पदर नसलेल्या पोरीनं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

विक्रमनं टाळी वाजवली. "अमेझिंग! ओके, आता त्या निधीला सांग, तिच्याकडचं डिस्कार्ड कर. आणि मावशीला पण..."

"उशीर झाला," शरयू म्हणाली. "मावशीनं आल्याबरोबर दही लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे वाटलं. त्या तेलुगू काकूंकडे दोन डब्या दिल्या."

"शरयू! तू अडवलं नाहीस?"

"मी गाडी चालवत होते. घरोघर मीच नेलं तिला."

"लीगलला काय सांगू मी?"

"सांग की फ्रीजरची घंटा तू बंद केली होतीस, आणि तुझी कंपनी वाचली ती एका मुलीनं तुझं ऐकलं नाही म्हणून." पहिल्यांदाच तिची मान डोलली नाही, ताठ होती. "मला काढायचं असेल तर काढ. विरजण मी टाकायला लावणार नाही."

विक्रम खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला. मग म्हणाला, "एक डबी माझ्या आईला पण मिळेल का? ती नेहमी म्हणते, इथलं दही लागत नाही."

शरयू हसली. मी नाही हसलो. मी अजून रागावलेलोच आहे. टाकीत आहे, काम करतोय, आणि काम झालं की कुकर आहेच. पानाचं पोस्टरही अजून तिथंच आहे. एवढं मात्र झालं की आता कुकर लावायच्या आधी शरयू प्रत्येक वेळी एक चमचा बाजूला काढते, आणि तो एका फ्रीजरमध्ये नाही, निरनिराळ्या जागी ठेवते. घंटेचा आवाजही चालू आहे.

मित्रांनो, तुम्ही मला हिरवा म्हणा, पांढरा म्हणा, काय वाटेल ते म्हणा. माझ्याकडून दही करून घ्या, औषध करून घ्या, मी नाही म्हणणार नाही, आमच्या घरात तशी रीत नाही. पण आता घरी जाल तेव्हा फ्रिज उघडा. पातेल्यात दही असेल, तर ते खरवडून संपवायच्या आधी एक चमचा बाजूला काढा. आणि मग वाटी घेऊन शेजारचं दार वाजवा. आत्ताच जा बाबांनो, दिवे लागायला आले.